आकडे कोणाच्या दप्तरात?

पेण तालुक्यातील हमरापूर गणेशमूर्तींमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात मूर्तींचे कारखाने आहेत. मूर्ती कोणाच्या देवाची, हा येथे मुद्दा नाही. साचा भरणारे, घासकाम करणारे, रंग मारणारे हात कष्टकऱ्यांचे आहेत. या हातांच्या पोटाचा निर्णय ज्या आकड्यांवर होतो, ते आकडे कोणाच्या ताब्यात आहेत, हा खरा मुद्दा आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आणणाऱ्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. करोनामुळे अंमलबजावणी वर्षभर लांबली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले आणि कारखान्यांवर आभाळ कोसळले. पुढे राज्य सरकारने हा प्रश्न डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे सोपवला. समितीचा अहवाल आल्यावर ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा दिली; नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला मात्र दिली नाही. म्हणजे तज्ज्ञांचा अभ्यास पुढे येताच निर्णयाचे रूप बदलले. मग तो अभ्यास पाच वर्षे आधी का झाला नाही?

प्लास्टर निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि रंगांतील जड धातू पाण्यात उतरतात. परंतु विसर्जनापूर्वी, विसर्जनाच्या वेळी आणि नंतर पाणी तपासावे, त्यातील प्राणवायू व धातू मोजावेत, असे मंडळाच्याच २०१० च्या सूचना सांगतात. या मोजणीवरूनच कळेल की दोष प्लास्टरचा किती, रंगाचा किती, शहराच्या सांडपाण्याचा किती. हे तक्ते दरवर्षी मराठीत हमरापूरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले असते, तर कामगारांना माती आणि रंग बदलायला वेळ मिळाला असता. कष्टकऱ्याच्या हाती निकाल येतो, पुरावा येत नाही!

आता दुसरी बाजू पाहा. याच जिल्ह्यात धाटावची औद्योगिक वसाहत कुंडलिकेच्या काठी आहे, रसायनीची पाताळगंगेच्या काठी. जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी सांडपाणी सतत मोजणारी यंत्रे बसवून मंडळाच्या संगणकाशी जोडावीत, असे आदेश २०१४ मध्ये निघाले. अशा मोजणीचे आकडे जनतेसाठी खुले ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी बजावले. संकेतस्थळावर टाकले की काम संपले, असे मानून चालणार नाही. खाडीत जाळे टाकणाऱ्याला ते आकडे त्याच्या भाषेत, त्याच्या गावात समजले पाहिजेत.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४(१)(ग) सांगते की लोकांवर परिणाम करणारे धोरण ठरवताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. कलम ४(१)(घ) बाधितांना निर्णयाची कारणे द्यायला लावते. कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. तरीही पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ पासून केंद्राने दडवून ठेवला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात हरले, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. ज्यांच्या डोंगराविषयी अहवाल, त्यांच्यापासूनच तो लपवायचा, हा कोणता न्याय?

या मातीला हे नवे नाही. खोतशाहीत घाम कुळाचा आणि दप्तर खोताचे होते. त्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून संप केला आणि बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. जमीन कुळाची व्हायची, तर दप्तरही उघडावेच लागते. आज उरण, पनवेल, पेणमधील १२४ गावांवर नव्या शहराची आखणी होत आहे. पाणी कुठून येणार, भरतीचे पाणी कुठे जाणार, खारजमिनीचे काय होणार, याचे आकडे आधी गावात आले पाहिजेत, नकाशे नंतर.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने तीन ठराव करावेत. एक, आपल्या नदी-खाडीच्या तपासणीचे मागील पाच वर्षांचे तक्ते मराठीत मागावेत. दोन, पाण्याचा नमुना घेताना गावाचा प्रतिनिधी हजर असावा. तीन, आकडे मिळाल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाला संमती देऊ नये. ठरावाची प्रत जोडून माहितीचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून द्यायला बसावे. दहा रुपयांच्या अर्जाने सारे बदलणार नाही, पण बंद दप्तराचे कुलूप तेथूनच निघायला लागते.