गॅलरीतली पाळणाघर-ड्यूटी

पहाटे साडेपाच. आमच्या मागच्या गॅलरीत सध्या रस्त्यावरची एक कुत्री आणि तिची पाच आठवड्यांची पिल्लं मुक्कामाला आहेत. ओले पेपर काढून नवे घालायचे. जुन्यातला एक तुकडा कोपऱ्यात ठेवते, वासानं शूची जागा त्यांना बरोबर सापडते.

सात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून एकेकाचं वजन. लगे हात कान, तोंड, नखं बघून घ्यायची. धाकटीला पंजा धरलेला खपत नाही. आज तो नुसता तळहातावर ठेवून घेतला, दाबला नाही, आणि तिला उकडलेल्या चिकनचा कण दिला. मग एक बोट हलकेच दाबलं, पुन्हा कण. नंतर नखाला नेलकटर नुसतं टेकवलं. पंजा जागचा हलला नाही, तिथंच थांबले. अजून एकदा करून बघण्याचा मोह आवरावा लागतो. पिल्लू वैतागलं की सगळं मुसळ केरात.

नऊ. गॅलरीचं दार मुद्दाम उघडं. कुकरची शिट्टी झाली की पिल्लं दचकतात, आई मात्र एक कान हलवून पडून राहते. ती निवांत, म्हणून पिल्लंही सावरतात. मिक्सर आधी लांबच्या खोलीत, मग जवळ.

साडेदहा. भांड्यांच्या मावशी आल्या. “ताई, तुमचा वाघ्या पदर सोडंना!” मावशी, झाडू, बादली, सगळं अभ्यासक्रमातच आहे.

दुपारी झोप. झोपलेल्या पिल्लाला कुणीही उचलायचं नाही.

साडेचार. टोपलीतून फेरी. लसीकरण पुरं झालेलं नाही आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून जमिनीवर पाय टेकवू देत नाही. पण लस होईस्तोवर घरात कोंडायचं, हे मला पटत नाही. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला वर्षानुवर्षं कुत्र्यांवर संशोधन केलं, १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग आपलंसं करतं, असं त्यांना दिसलं. लसींचे डोस संपेपर्यंत तो काळ जवळजवळ सरलेला असतो. म्हणून टोपलीतूनच रिक्षा, छत्री, काठीवाले आजोबा दाखवायचे. जे पिल्लू मागं सरकतं, त्याला पुढं ढकलायचं नाही. आपणच चार पावलं मागं यायचं.

सहा. सोसायटीतली मुलं. मांडी घालून बसायचं, पिल्लू आपणहून आलं तरच हात लावायचा. पाठलाग केला की घरी.

आठ. भावंडांची मारामारी. एक जोरात चावला, दुसरा केकाटला, खेळ बंद. किती जोरात चावायचं, हे शिकवायला भावंडांइतका चांगला मास्तर नाही.

नऊ. फोन. “आत्ताच द्या, लहानपणीच लळा लागतो.” नाही. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मी विकत नसले, तरी पिल्लाची गरज तीच. तोवर रविवारी संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन या, आणि दारात हेल्मेट काढू नका. पिल्लांना तेही बघायचंय.