वऱ्हाडचा कापूस आणि तिकडची यादवी

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडला आणि मूर्तिजापूर-अकोल्याकडच्या काळ्या रानातल्या कापसाला भाव चढला, हे आपण ऐकून असतो. पण वाचकहो, चार वर्षांनी ते फुटलेले घर सांधले कसे?

लिंकनचे धोरण क्षमेचे. लढाई चालू असतानाच, १८६३ च्या डिसेंबरात त्याने जाहीर केले : शेकडा दहा मतदारांनी निष्ठेची शपथ घ्यावी, गुलामांची मुक्तता मानावी आणि राज्याने आपले सरकार उभारावे. १८६५ साली त्याचा खून झाला. पुढे अध्यक्ष जॉन्सनने माफी इतकी सढळ हाताने वाटली, की कालचे मालक पुन्हा गादीवर! तेव्हा १८६७ साली तिथल्या काँग्रेसने दक्षिणेत लष्करी अंमल बसवून मुक्त गुलामांना मताधिकार देवविला.

१८७७ साली फौज मागे फिरली. गोऱ्या भावांचा समेट झाला खरा. किंमत भरली ती कापूस वेचणाऱ्यांनी. त्यांचा हिरावलेला मताधिकार कायद्याने परत यायला १९६५ साल उजाडले.