होडी वाऱ्यावर, भार मांड्यांवर

भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे शिडाच्या होडीची शर्यत हा आपल्या मुलांचा खेळ नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूरने भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, म्हणजे तलावावर, हा खेळ शिकून २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आयएलसीए ४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं.

होडी वाऱ्याने चालते, मग खेळाडू दमतो कशाने?

आयएलसीए ४ ही जेमतेम सव्वाचार मीटर लांबीची, एकट्याने चालवायची होडी. शिडात वारा भरला की ती कलते आणि वेग मंदावतो. तिला सरळ ठेवायला खेळाडूचं वजनच उपयोगी पडतं. आतल्या पट्ट्यात पावलं अडकवायची, काठावर बसायचं आणि धड पाण्यावर झुकवून धरायचं. याला हायकिंग म्हणतात.

मांड्यांची परीक्षा

धावताना स्नायू आखडतात, सैल होतात आणि त्यांतून रक्त खेळत राहतं. हायकिंगमध्ये मात्र मांडीचे पुढचे स्नायू बराच वेळ ताठच राहतात. रक्तपुरवठा कमी पडतो आणि मांड्या जळू लागतात. पाय थकले की धड आत येतं आणि होडी पुन्हा कलते.

पाठ सांभाळा

दमल्यावर बरेच जण पाठीला बाक काढतात. मग भार कमरेवर येतो. पाठ सरळ, पोट किंचित आवळलेलं आणि गुडघे पावलांच्या रेषेत, अशी ढब हवी.

घरच्या घरी तयारी

● भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं २० ते ३० सेकंद थांबा. मध्ये विश्रांती घेऊन तीनदा करा. वेळ हळूहळू वाढवा.
● सायकल चालवा, उठाबशा काढा.
● पोट-पाठीसाठी प्लँक करा.
● शेवटी मांड्यांचे पुढचे-मागचे स्नायू ताणा.

मांडी जळणं स्वाभाविक आहे, पण गुडघा दुखणं नाही. वाढत्या वयातल्या मुलांनी गुडघा दुखताच थांबावं आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं.

पाण्यात उतरण्यापूर्वी पोहणं आणि लाइफ जॅकेट आवश्यकच. पायांची तयारी मात्र भिलाईतल्या घरातल्या भिंतीपाशी आजपासून सुरू करता येईल.