दुकानात मेल आला, मोबाईलवर का नाही?

गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या एका गिऱ्हाईकाने आम्हाला ई-मेल केला, की ठरलेल्या ग्रे मालात पीक ५२ ऐवजी ५६ ठेवा. मालेगावात जुम्म्याला लूमही बंद आणि आमचे दुकानही बंद. मोबाईल खिशातच होता, पण त्यावर काहीच आले नाही. शनिवारी सकाळी कारखानदाराने जुन्या पीकवर सहा लूम सुरू केले. दुपारी मुनीमजी कॉम्प्युटरसमोर बसले, तर मेल गुरुवारपासून तिथे पडलेला! तोवर निघालेला माल पडत्या भावाने दुसरीकडे द्यावा लागला. आम्ही आधी गिऱ्हाईकाला बोल लावला, मग इंटरनेटवाल्याला. कसूर आमच्याच दुकानातला निघाला.

मसला असा की, मेल प्रथम कंपनीच्या मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर येतो. तिथून तो घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक पॉप, दुसरी आयमॅप. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीतून शिपायाने टपाल काढून घरी आणावे तसे, पेटी रिकामी. आयमॅपमध्ये टपाल पोस्टातच राहते आणि मोबाईल व कॉम्प्युटर दोघेही तेच पाहतात. आमचा कॉम्प्युटर जुना, त्यावर पॉप बसवलेले. गुरुवारी तो चालूच राहिला, त्याने मेल उतरवून घेतला आणि सर्व्हरवरून काढून टाकला. मोबाईलला मिळणार काय?

आपल्याकडे असेच आहे का, हे ओळखणे सोपे आहे. मोबाईलवरून पाठवलेला मेल कॉम्प्युटरच्या 'सेंट'मध्ये दिसत नसेल, किंवा एकीकडे वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेला दिसत असेल, तर बहुधा पॉपच आहे. आयमॅप लावून घ्यावे. त्यासाठी सर्व्हरचा पोर्ट साधारणपणे ९९३ असतो, पॉपचा ९९५. मात्र मेकॅनिक घाईने जुने खाते उडवू लागला तर त्याचा हात धरा! वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी आणि बिले फक्त त्याच कॉम्प्युटरवर असू शकतात. आधी त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मग त्याच पत्त्याचे नवे खाते आयमॅपने जोडावे आणि जुन्या खात्याचे मेल उतरवणे बंद करावे. हे होईपर्यंत पॉपच्या सेटिंगमध्ये 'मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा' या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. एवढ्यानेही काम भागते.

दुसरी तक्रार पासवर्डची. पासवर्ड बरोबर असूनही कॉम्प्युटर तो चूक म्हणतो. गूगलने ३० मे २०२२ पासून जुन्या प्रोग्रामांना नुसत्या पासवर्डवर जीमेल उघडू देणे बंद केले. अशा प्रोग्रामसाठी खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की तो रद्द होतो, नवा काढावा लागतो. हे काम स्वतः किंवा घरातल्या शिकत्या मुलाकडून करावे. फोनवर मदत देणाऱ्या अनोळखी माणसाला पासवर्ड किंवा ओटीपी हरगिज सांगू नये. सूचना इंग्रजीत येतात म्हणून बांधव गोंधळतात. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी किंवा उर्दू करता येते. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, उर्दूच ठेवली आहे.

मेल कुठेच दिसत नसेल तर आधी ब्राउझरमध्ये खाते उघडून 'स्पॅम' पाहावे. तिथेही नसेल तर जागा पाहावी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. ते भरले की मेल येणेही थांबते. २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जातो. साड्यांचे फोटो दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ब्राउझरमध्ये मेल आहे आणि फक्त मोबाईलवर नाही, असे असेल तर फोनचे 'सिंक' बंद आहे किंवा बॅटरी सेव्हर चालू आहे, हे पाहावे.

कॉम्प्युटर जुना असेल तर त्याची तारीखही पाहावी. आतला नाण्याएवढा सेल संपला की बटण बंद केल्यावर तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेवर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. सेल स्वस्त असतो, बदलून टाकावा.

वायरने फोन जोडला आणि फक्त चार्जिंग होते, फोटो उतरत नाहीत, तर फोनवर येणारी यूएसबीची सूचना उघडून 'फाईल ट्रान्सफर' निवडावे. सूचनाच येत नसेल तर वायर बदलून पाहावी. काही स्वस्त वायरींत चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. आमच्या गल्ल्यात अशा तीन निघाल्या.