डेट्रॉइटच्या कामगाराची लेक आणि पॅगानिनीचे व्हायोलिन

व्हायोलिन आपण सारेच ऐकतो, पण त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. सिनेमातील गाण्यात गायक थांबला की मागून सुरांची जी लाट येते, ती बहुधा व्हायोलिनचीच असते. ती वाजविणारी माणसे पडद्यावर दिसत नाहीत आणि जुन्या कॅसेटच्या कव्हरवरही त्यांची नावे क्वचितच सापडतात. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गोव्याच्या कितीतरी व्हायोलिनवादकांनी आयुष्यभर हेच काम केले. अशा वादकाला सेशन म्युझिशियन म्हणतात. बोलावणे आले की वाद्य घेऊन जायचे, समोरचा स्वरलेखनाचा कागद पहिल्या नजरेत वाचून बिनचूक वाजवायचा, ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी यायचे. एका अर्थाने ही सुरांची रोजंदारीच होय.

या वाटेने चालत जगातील नामवंत वादकांच्या पंक्तीत जाऊन बसलेल्या एका कलावतीची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांना करून देत आहोत. तिचे नाव रेजिना कार्टर. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातील ही मुलगी जॅझ व्हायोलिनवादक म्हणून गाजली. जॅझ हे त्याच समाजाने घडविलेले संगीत आहे. आपल्याकडे गवई जसा रागाची बढत करतो, तसा जॅझचा वादक ठरलेल्या चालीच्या आधाराने तिथल्या तिथे नवे सूर रचत जातो.

आईची तळमळ

डेट्रॉइट हे अमेरिकेतील मोटारींचे शहर. दक्षिणेकडे शेतात आणि खाणीत राबणारी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे विसाव्या शतकात पोटासाठी या शहराकडे आली. रेजिनाचे वडील मोटारीच्या कारखान्यात कामगार होते, तर आई ग्रेस बालवाडीची शिक्षिका होती. रेजिनाचा जन्म १९६०च्या दशकातला. भाऊ पियानो शिकत असे. ते ऐकून ऐकून या दोन वर्षांच्या मुलीने एक चाल आपोआप वाजवून दाखविली आणि तिचेही धडे सुरू झाले. पुढे एका कार्यक्रमात तिने शेवटचा सूर मुद्दाम वेगळाच वाजविला. या मुलीला चाकोरी मानवणार नाही, हे शिक्षकांनी ओळखले आणि सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकविण्याचा सल्ला दिला.

जपानच्या शिनिची सुझुकी यांची ही पद्धत सोपी आहे. मूल मातृभाषा कशी शिकते? आधी ऐकते, मग बोलते, अक्षरे त्यानंतर येतात. संगीतही तसेच शिकवावे, आधी कान आणि मग कागद. आईने चौथ्या वर्षी रेजिनाला डेट्रॉइटच्या संगीत शाळेत घातले. पुढे कॅस टेक या सरकारी हायस्कूलमध्ये ती शिकली, शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या युवा विभागात वाजवू लागली. पंडित रविशंकर यांच्या जोडीने वाजविल्यामुळे आपल्याकडेही परिचित असलेले थोर वादक यहुदी मेन्युइन यांच्याकडून धडा घेण्याची संधीही तिला मिळाली.

आईची इच्छा एकच होती. मुलीने मोठ्या ऑर्केस्ट्रात कायमची नोकरी धरावी. दरमहा पगार, आजारपणाची सोय, म्हातारपणी आधार. कष्टकऱ्याच्या घरातील आई याहून वेगळे काय मागणार? त्यातही हे दार कृष्णवर्णीयांना पिढ्यान् पिढ्या बंद होते. एडी साउथ (१९०४–१९६२) हा कृष्णवर्णीय वादक शास्त्रीय संगीतात तयार झालेला होता. पण कातडीच्या रंगामुळे सिम्फनी ऑर्केस्ट्रात त्याला जागा नव्हती. म्हणून तो जॅझकडे वळला आणि तेथे मोठे नाव मिळवून गेला. पूर्वी बंद असलेल्या त्या दारातून आपली मुलगी आत जावी, असे एका आईला वाटले तर त्यात नवल नाही.

वाट बदलली

पण मुलीच्या मनात वेगळेच होते. शाळेतील मैत्रीण कार्ला कुक, जी पुढे गायिका म्हणून पुढे आली, तिने रेजिनाला जॅझ व्हायोलिनवादकांच्या रेकॉर्ड ऐकविल्या. फ्रान्सचे स्टेफान ग्रापेली यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिल्यावर तर तिचा निश्चयच झाला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत ती शास्त्रीय शिक्षणासाठी गेली, पण तिथे न रमता मिशिगन राज्यातील ओकलंड विद्यापीठात जॅझ शिकायला परत आली.

तेथील शिक्षकांनी तिला व्हायोलिनवादकांचे अनुकरण करू दिले नाही. तिला सॅक्सोफोनवाल्यांच्या रांगेत बसविले आणि त्यांच्याच ओळी व्हायोलिनवर वाजवायला लावल्या. यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. सॅक्सोफोन फुंकणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या सुरांना बोलण्यासारखे तुकडे पडतात. व्हायोलिनच्या गजाला श्वास लागत नाही, त्यामुळे वादक न थांबता वाजवीतच राहतो. रेजिना गजाने श्वास घ्यायला शिकली. डेट्रॉइटचे ट्रंपेटवादक मार्कस बेलग्रेव्ह यांच्यासारख्या जाणत्यांनी तिला शहरातील जॅझ मंडळींत नेले.

मिळेल ते काम

शिक्षण संपले म्हणून कोणी हार घेऊन उभे नव्हते. रेजिनाबाईंनी डेट्रॉइटच्या सरकारी शाळांत व्हायोलिन शिकविले. नंतर दोन वर्षे जर्मनीत काढली. तेथे एका घरी मुले सांभाळण्याचे काम केले आणि अमेरिकन लष्करी तळावर शिकवण्या केल्या. परत येऊन ‘स्ट्रेट अहेड’ या केवळ स्त्रियांच्या जॅझ वाद्यवृंदात त्या सामील झाल्या. पुढे १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी न्यूयॉर्क गाठले.

न्यूयॉर्कमध्ये सेशनच्या कामाने त्यांना तारले. अरेथा फ्रँकलिन, मेरी जे. ब्लाइज, डॉली पार्टन, बिली जोएल अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या गायकांसोबत त्यांनी वाजविले. कोणाचे गाणे चर्चमधल्या भक्तिगीताच्या वळणाचे, कोणाचे गावाकडचे, कोणाचे शहरी नाचाचे. प्रत्येक ठिकाणी गजाचा दाब वेगळा, सुराचे वळण वेगळे. गायकाला झाकून टाकायचे नाही आणि आपली जागाही रिकामी सोडायची नाही, हे या कामात शिकावे लागते. कोणत्याही विद्यापीठात न मिळणारे हे शिक्षण त्यांना कामावरच मिळाले आणि घरभाडेही सुटले.

१९९५ साली त्यांच्या स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड निघाली. १९९७ सालच्या दुसऱ्या रेकॉर्डच्या नावातच आईचे नाव गुंफलेले आहे, ‘समथिंग फॉर ग्रेस’. जी वाट आईला धोक्याची वाटत होती, त्या वाटेवरची कमाई लेकीने आईच्याच नावे केली. त्याच वर्षी विंटन मार्सालिस यांच्या गुलामगिरीवरील ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ या भव्य संगीतरचनेच्या दौऱ्यातही त्या वाजवीत होत्या. पुलित्झर पारितोषिक मिळविणारी ही पहिली जॅझ रचना होय.

जिनोआची ‘तोफ’

आता सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. इटलीतील जिनोआ शहराच्या नगरपालिकेकडे एक व्हायोलिन आहे. १७४३ साली ग्वार्नेरी या कारागिराने ते बनविले. व्हायोलिनचा जादूगार म्हणून ओळखला गेलेला पॅगानिनी (१७८२–१८४०) ते वाजवीत असे. त्याचा आवाज इतका दणदणीत, की पॅगानिनी त्याला ‘तोफ’ म्हणे. मरताना त्याने ते आपल्या शहराला दिले. तेव्हापासून ते कडक बंदोबस्तात आहे आणि मोजक्याच निवडक शास्त्रीय वादकांच्या हाती दिले जाते.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला. त्यानंतर सहानुभूती म्हणून जिनोआने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेजिना कार्टर यांना हे व्हायोलिन वाजविण्याचे निमंत्रण दिले. काही लोकांनी विरोध केला. जॅझसारखे संगीत या वाद्यावर वाजविणे म्हणजे त्याचा अपमान, असा त्यांचा आक्षेप होता. ‘याला हात लावण्याची तुमची पायरी नाही’ ही भाषा आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रेजिनाबाईंनी वादात न पडता वाजवून दाखविले. ‘तोफ’ हाती घेणाऱ्या त्या पहिल्या जॅझवादक आणि पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन ठरल्या. पुढे त्याच वाद्यावर ध्वनिमुद्रणही झाले आणि २००३ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात फ्रेंच शास्त्रीय संगीतकारांच्या रचनाही होत्या. विरोधकांना याहून चांगले उत्तर कोणते असणार?

पूर्वजांचे सूर

२००५ साली आई गेली. पुढच्या वर्षी रेजिनाबाईंनी आईच्या आवडीच्या जुन्या चाली ध्वनिमुद्रित केल्या. त्याच २००६ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पाच वर्षांत मिळून पाच लाख डॉलर्स, आणि ते कसे खर्च करावेत याची अट नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे, चहाच्या बिलालाही पावती जोडणारी. हिशेब न मागता दिलेल्या पैशाचे काय होते, हे पाहण्याची आम्हाला उत्सुकता होती.

रेजिनाबाईंच्या बाबतीत उत्तर समाधानकारक आहे. त्यांचे लक्ष आपल्या मुळांकडे वळले. २०१० साली त्यांनी आफ्रिकेतील लोकसंगीत व्हायोलिनवर आणले, त्यात कोरा हे तेथील एकवीस तारांचे वाद्य साथीला होते. २०१४ साली त्या आणखी जवळ आल्या. त्यांचे आजोबा अलाबामा राज्यात कोळशाच्या खाणीत कामगार होते. आजोबांच्या काळी त्या भागातील माणसे काय ऐकत असतील, काय गात असतील, याचा शोध त्यांनी सरकारी ग्रंथालयातील जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतला आणि ‘सदर्न कम्फर्ट’ ही रेकॉर्ड तयार केली. २०२३ साली अमेरिकन सरकारच्या कलाविषयक संस्थेने त्यांना ‘जॅझ मास्टर’ हा त्या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान दिला.

पालकांसाठी दोन शब्द

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ढोलकी, बँजो, कीबोर्ड घेऊन बसणारे पोर असते. ‘याने पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न आपण त्याला विचारतो. प्रश्न खोटा नाही. ग्रेसबाईंनाही तो पडला होता. पण त्यांनी व्हायोलिनचा वर्ग बंद केला नाही. शिस्त, रोजचा रियाज आणि कागद वाचण्याची विद्या मुलीच्या पदरात टाकली. याच विद्येवर मुलीने पुढे स्टुडिओत पोट भरले आणि स्वतःची वाटही काढली.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. मुलाला वाद्य घेऊन दिले असेल तर चांगला शिक्षकही शोधून द्या. नोटेशन वाचायला शिकवा. लग्नाच्या बँडमध्ये वाजवितो म्हणून त्याला कमी लेखू नका, आणि शाळाही सोडू देऊ नका. मिळेल ते काम मन लावून करणारा हात उद्या कोणत्या वाद्यापर्यंत पोहोचेल, हे आज आपल्याला घरी बसून सांगता येणार नाही.