एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात, मग पुरुषांचं जगणं नेमकं अडतं कुठे?

ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा साखर कारखान्याचं गाव. इथून धाराशिव शहर पंचवीसेक किलोमीटर. तिथल्या सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. जाण्या-येण्यासाठी एचआयव्हीबाधितांना एसटीत प्रवास सवलतही आहे.

पण सवलत हवी तर कंडक्टरला कागद दाखवावा लागतो. आणि शेजारच्या सीटवर गावातलंच कुणी बसलेलं असू शकतं. अशा वेळी गपचूप पूर्ण तिकीट काढणं एखाद्याला बरं वाटलं, तर नवल नाही.

औषधानं शरीर सावरतं. बाकीच्या आयुष्याचं काय?

जगण्याचा दर्जा मोजतात कसा?

जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्हीबाधितांसाठी ३१ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. त्यात शरीर, मन, स्वतःचं काम स्वतः करण्याची क्षमता, नातेसंबंध, आजूबाजूची परिस्थिती आणि श्रद्धा अशा ६ बाजू तपासल्या जातात. झोप नीट लागते का, पैसे पुरतात का, लोक दोष देतील याची भीती वाटते का, असे साधेच प्रश्न असतात.

म्हणजे रिपोर्ट उत्तम असलेला माणूसही या प्रश्नावलीत मागे पडू शकतो.

उपचार किती बदललेत?

भारतात १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीची पहिली नोंद झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. पूर्वी सीडी-४ पेशी ठराविक आकड्याच्या खाली गेल्यावरच औषध मिळायचं. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आलं. आज बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते.

गोळी नियमित घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडतच नाहीत. अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात ८८८ जोडप्यांची माहिती तपासली गेली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही.

थोडक्यात, वेळेत उपचार सुरू केलेला पुरुष काम करू शकतो, लग्न करू शकतो, बाप होऊ शकतो. गोळ्या सोडल्या तर मात्र विषाणू पुन्हा वाढतात.

मग पुरुष मागे का राहतात?

बाईची तपासणी गरोदरपणात होते. पुरुषाच्या आयुष्यात अशी ठरलेली वेळ येत नाही. बायकोचा रिपोर्ट आला म्हणून नवऱ्याची तपासणी झाली, किंवा टीबीसारखा आजार बळावल्यावरच एचआयव्ही कळला, असं घडतं. हे फक्त आपल्याकडचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनं २०१७ च्या अहवालात जगभरात पुरुष तपासणी आणि उपचारांत मागे असल्याचं म्हटलं होतं.

त्यात 'कमावता माणूस' हे ओझं. केंद्रावर जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मुकादमाला किंवा मालकाला कारण काय सांगायचं, हा वेगळाच घोर. ताण दारूत बुडवला की गोळी चुकते. आणि 'पुरुषानं रडायचं नसतं' हे लहानपणापासून ऐकलेलं असल्यानं समुपदेशकासमोरही तोंड उघडत नाही.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे मजूर तर पाच-सहा महिने घराबाहेर असतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची: एआरटी केंद्रातून मिळालेलं पुस्तक सोबत ठेवा. ते दाखवलं की प्रवासात दुसऱ्या एआरटी केंद्रातूनही औषध घेता येतं. तब्येत स्थिर असेल तर एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, हेही निघण्याआधी विचारून घ्या.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार:

- एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं, उपचार नाकारणं किंवा भाड्याचं घर नाकारणं हा बेकायदेशीर भेदभाव आहे.
- संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही.
- कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही जाहीर करता येत नाही.
- एचआयव्हीबाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला ३ महिने ते २ वर्षं कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

महाराष्ट्रात पात्र एचआयव्हीबाधितांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभही मिळतो. अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.

आपण काय करू शकतो?

एकत्र जेवल्यानं, हात मिळवल्यानं, एकाच वस्तऱ्यानं नव्हे पण एकाच खुर्चीत बसून दाढी केल्यानं एचआयव्ही होत नाही. हे अनेकांना माहीत असतं. तरीही 'अमक्याला ते झालंय म्हणे' असा मेसेज गावच्या ग्रुपवर पुढे जातो. तो एक मेसेज एखाद्याला केंद्राची पायरी चढण्यापासून थांबवू शकतो. चुकलेली गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

तपासणी, उपचार किंवा नुसतं बोलायचं असेल, तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. फोन करताना नाव सांगायची गरज नाही.