उन्हात सायकलची हवा किती फुगते?

उन्हाळा लागला की सायकल चालवणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: उन्हात ट्यूब फुटते म्हणतात, मग हवा जरा कमीच भरावी का? भोपाळच्या बरखेड्यात तर हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न. १९५६ साली उभ्या राहिलेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या भेलच्या वसाहतीतला हा भाग. मे महिन्यात इथला पारा सहज चाळिशी ओलांडतो.

हिशेब शाळेतल्या वायुनियमाचाच आहे. सकाळी २५ अंशांना ५० पीएसआय हवा भरली आणि दुपारी काळा टायर ६५ अंशांपर्यंत तापला, असं धरू. केल्विनमध्ये २९८ चे ३३८ झाले. वाढ सुमारे १३ टक्के. ती मोजायची मात्र वातावरणाचा १४.७ दाब मिळवून, म्हणजे ६४.७ वर. काटा जेमतेम ५९ पर्यंत चढतो. धडधाकट टायरला त्याचं काहीच वाटत नाही. फुटलाच, तर कडेच्या भेगा पाहाव्यात, किंवा ट्यूब रिममध्ये चिमटली होती का ते.

खरा धोका कमी हवेचा. खड्ड्याच्या काठावर टायर पार दबतो, ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. शिवाय मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि पायांची मेहनत रबर तापवण्यात जाते. अंगठ्याने दाबून ४० आणि ६० मधला फरक कळत नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा आणि काट्याचा पंप, एवढंच भरवशाचं. नायट्रोजनची जाहिरात खुशाल सोडून द्यावी. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तापल्यावर तोही तितकाच फुगतो!

या हवेच्या चाकाचं श्रेय सगळे डनलॉपला देतात. बेलफास्टच्या या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी टायर बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. दोनच वर्षांत ते रद्दबातल ठरलं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्येच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तीच कल्पना नोंदवली होती: रबर चढवलेल्या कॅनव्हासची ट्यूब, वर चामड्याचं आवरण. लंडनमध्ये घोडागाडीला लावून त्याने ती चालवूनही दाखवली. पण रबर महाग होतं, आणि आजच्या घडणीची सायकल यायला अजून चाळीस वर्षं होती. १८७३ मध्ये थॉमसन वारला.

त्याचं काम भारतात पोचलं ते वेगळ्याच वाटेने. १८७० च्या दशकात पंजाबच्या रस्त्यांवर त्याच्या पेटंटची वाफेची इंजिनं धावली. ती चालवणारा तरुण लष्करी अधिकारी म्हणजे क्रॉम्प्टन, ज्याचं नाव आपल्याकडे छताच्या पंख्यांवर अजून दिसतं. त्या इंजिनांची चाकंही रबरी होती, पण ठोस रबराची. हवा त्यांत नव्हतीच.